तळघरातलं इंटरनेट

रोंडा लाहती दोन आठवड्यांसाठी म्हणून हॅनकॉकला, आईच्या गावी, आली होती. मिलवॉकीहून निघताना तिनं एकच बॅग भरली आणि ज्याच्याबरोबर ती राहायची त्या ग्लेनला सांगितलं, "आईचं काय ते मार्गी लावते आणि येते." तेव्हा नोव्हेंबर होता. आमच्याकडे नोव्हेंबरात आलेल्या माणसाला परत कधी निघायचंय हे बर्फ विचारत नाही.

मी पॉला. त्यांच्या समोरच्या घरात राहते, शाळेची बस चालवते. रोंडा आणि मी बालवाडीपासून एका वर्गात. तिच्या आईचं नाव व्हर्ना, पण सगळं गाव त्यांना लाहतीबाईच म्हणतं. रस्ते खात्याच्या कचेरीत जन्मभर टायपिस्ट होत्या. बोटं अशी चालायची की साहेबाचं वाक्य संपायच्या आत ह्यांचं टाइप करून झालेलं. नवरा गेल्यापासून एकट्याच राहत होत्या. त्या शरदात एका सकाळी त्यांनी स्टोव्हवर कॉफी ठेवली आणि घरातल्या झग्यावर, सपाता घालून, थेट पुलापर्यंत चालत गेल्या. मला बसमधून दिसल्या. मी त्यांना पोरांच्या मधे बसवून घरी आणलं आणि रोंडाला फोन केला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते आधीच सगळ्यांच्या ओठांवर होतं. बाईंच्या डोक्यातलं साल एकोणीसशे नव्याण्णवच्या आसपास थांबलं होतं. नवरा कामावर गेलेला, रोंडा मिलवॉकीला नुकतीच नोकरीला लागलेली, आणि कॉम्प्युटरवर "माझ्या बायका" वाट बघत असलेल्या.

ह्या बायका एकेकाळी खऱ्या होत्या. इंटरनेट आमच्याकडे टेलिफोनच्या तारेतून खरखरत यायचं तेव्हा लाहतीबाईंनी पन्नाशीला टेकल्यावर कॉलेजात संध्याकाळचा वर्ग लावला आणि स्वतःची वेबसाइट बांधली. हातमोज्यांची. फिनलंडहून आलेल्या आमच्या आज्यांच्या विणी, टाका न् टाका मांडलेल्या. निळ्या पानावर बर्फाचे कण भुरभुरायचे, मथळा लुकलुकायचा, कोपऱ्यात एक मांजर सुताच्या गुंड्याशी खेळायचं. तळाशी पाहुण्यांची वही, येऊन गेलेल्यानं दोन ओळी लिहायच्या. आणि अशाच विणणाऱ्या बायकांच्या साइटींचं एक रिंगण होतं. प्रत्येकीच्या पानाखाली "मागची" आणि "पुढची" अशी बटणं. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, आणि फिरून आपल्याच दारात.

रोंडानं आईला आधी टॅबलेट आणून दिला.

"ह्याला बटणं कुठायत?" बाई म्हणाल्या. "नुसती काच पुसत बसायची का मी?"

रोंडानं विणकामाची एक आजकालची साइट उघडून दाखवली. बाईंनी चष्मा वरखाली केला. "केवढी ही रिकामी जागा! गाय बांधता येईल ह्यात. माझं पान कुठंय?"

मग आम्ही दोघींनी तळघरातून त्यांचा जुना कॉम्प्युटर वर आणला. पडदा म्हणजे नुसता दगड. "पॉला, हळू गं, माझी कंबर जाईल," असं रोंडा म्हणत होती आणि जात होती माझी. मशीन चालू झालं. नेटस्केप, तेव्हाचा ब्राउझर, उघडलं. बाईंनी खुर्ची ओढली, न अडखळता आपला पत्ता टाइप केला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. सर्व्हर सापडत नाही, असं आलं. त्यांनी परत टाइप केला. परत तेच. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "माझं पान कुणी नेलं?" एवढंच येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिल्या.

रोंडाचं पोट ह्याच धंद्यावर. हॉस्पिटलांच्या, दवाखान्यांच्या साइटी ती आखून द्यायची. तिनं बुटांच्या खोक्यातल्या फ्लॉपी शोधल्या आणि त्यातून आईचं पान जसंच्या तसं काढलं. पण त्या म्हाताऱ्या ब्राउझरला बाहेरचं काहीच उघडता येईना. आजच्या प्रत्येक साइटच्या दाराला नवं कुलूप, आणि ह्याच्या जुडग्यात त्याची किल्लीच नाही. तेव्हा तिनं तळघरात एक लॅपटॉप मांडला, तार वर नेली, आणि ब्राउझरला पटवलं की इंटरनेट म्हणजे तो लॅपटॉप.

बाईंनी पत्ता टाइप केला आणि पान आलं. बर्फ, मांजर, सगळं. बाई हसल्या. मी त्यांना कित्येक महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं. मग लगेच भुवया आक्रसल्या.

"एवढं पटकन कसं उघडलं? काहीतरी गडबड आहे."

रोंडानं मुद्दाम वेग कमी करून ठेवला. आता चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायचं, आणि बाई कॉफी ढवळत थांबायच्या. तसं थांबणंही त्यांना हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी "पुढची" हे बटण दाबलं. पुढे काहीच नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. रोंडा आईला विचारून विचारून रिंगणातली पानं बांधायला लागली. टकोमाच्या डोलोरेसचं पान जांभळं, अक्षरं पिवळी. कॅनडातल्या मोंक्टनच्या मार्जच्या पानावर दीपस्तंभ, त्याचा दिवा फिरणारा, आणि पान उघडलं की टुणटुण वाजणारी एक धून. कुणाच्या पानावर फावडं मारणारा माणूस आणि खाली "काम चालू आहे". पहिले काही आठवडे रोंडा खुशीत होती. "आयुष्यभर मी हेच लोकांच्या साइटींवरून उपटून टाकलं," ती मला म्हणाली. "लुकलुकणारं, फिरणारं, वाजणारं. किती अवघड असतं माहितीये हे? प्रत्येक चौकट हातानं ठोकायची. ह्या बायकांना कुणी शिकवलं असेल?"

मग बाई पाहुण्यांच्या वहीपाशी आल्या. रोज सकाळी न्याहारीआधी वही उघडायची. वहीत कुणी नाही.

"मार्जनं लिहिलं नाही. ती आजारी तर नाही?"

रोंडानं आपल्या फोनवर मार्जला शोधलं. मोंक्टनच्या वर्तमानपत्रात तिच्या मृत्यूची बातमी सापडली, फार वर्षांपूर्वीची. रोंडा तळघरात गेली आणि तिनं लिहिलं, "व्हर्ना, इकडे थंडी फार. तुझ्या अंगठ्याची वीण जमली बरं का. तुझी मार्ज."

वर टाळी वाजली. मग टकटकटक सुरू झालं. दहा बोटांनी बाई उत्तर लिहीत होत्या.

उत्तराला उत्तर लागतं. मार्जच्या मागोमाग डोलोरेस आली, डोलोरेसच्या मागोमाग आणखी कोण कोण. मार्जला संधिवात, डोलोरेसचा नवरा तऱ्हेवाईक, एकीला नातू झालेला. हे सगळं रोंडानं ध्यानात ठेवायचं, कारण बाई कालचं जेवण विसरायच्या, पण डोलोरेसच्या नवऱ्याचा गुडघा डावा की उजवा हे विसरायच्या नाहीत. उत्तराला उशीर झाला की बाई उठून कोट शोधायच्या: "टेलिफोनची तार तुटली असणार, बघून येते." बाहेर माणूसभर बर्फ. म्हणून रोंडा घर सोडेना. वर स्वयंपाक, आईची अंघोळ, औषधं. खाली बायका. जिना वर, जिना खाली. कंपनीचं काम मधल्या फटीत. एक दिवस कंपनीनं तिला बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं आणि ती फटही बुजली.

मी म्हणायचे, "जरा चल ना, पुलापलीकडे जाऊन कॉफी पिऊन येऊ. मी माझ्या बहिणीला बसवते इथं."

"तुझ्या बहिणीला मार्ज जमेल?"

"कसली मार्ज! दोन ओळी तर लिहायच्या."

"पॉला, आईला लगेच कळतं. परवा मी डोलोरेसच्या तोंडी मार्जचा शब्द टाकला तर म्हणाली, डोलोरेसला झालंय काय आज?"

डिसेंबरात ग्लेननं तिचे हिवाळी कपडे पाठवले. खोकी मीच आत घेतली. उघडली तर त्यात उन्हाळीसुद्धा होते. रोंडानं एक बिनबाह्यांचा झगा उचलला, घडी घातली, परत ठेवला आणि जिना उतरून खाली गेली. बाईंनी काहीतरी लिहिलं होतं, उत्तर द्यायचं होतं.

त्याच सुमारास बाईंनी रोंडाला "अहो" म्हणायला सुरुवात केली. "अहो, जरा कॉफी मिळेल का? तुम्हाला त्रास नसेल तर." रोंडाला आधी थट्टा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की आई पाहुण्याशी किंवा कामवालीशी बोलावं तसं अदबीनं बोलतेय. जन्म दिला त्या बाईनं आपल्याला "तुम्ही" म्हणावं ह्यापेक्षा शिवी बरी, असं ती मला म्हणाली.

आणि एका सकाळी वहीत आलं: "मार्ज, तुझी मुलगी फोन करते का गं? माझी मिलवॉकीला असते. तिला वेळ नाही. मी तिची खोली झाडून ठेवलीय."

हे वाचून रोंडा तशीच, कोट न घालता, रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी तिच्यापुढे कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाचा तुकडा ठेवला. तिनं दोन्हीला हात लावला नाही.

"मी तिच्या डोळ्यांसमोर आहे, पायाखाली आहे, आणि ती माझी वाट बघतेय."

"मग लिही ना स्वतःच्या नावानं," मी म्हणाले. मला ते सोपं वाटलं.

तिनं लिहिलं. "आई, मी रोंडा. तुझं पान बघितलं. मांजर मला फार आवडतं." बस, एवढंच.

मी तेव्हा वरच होते. बाईंनी ते वाचलं, खुर्ची मागे सारली आणि रोंडा जिन्यातून वर येते न येते तोच तिचा दंड धरला. "बघा, बघा! माझ्या मुलीनं लिहिलंय! मिलवॉकीहून!" त्यांनी रोंडाला पडद्यासमोर बसवून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग विचारलं, "तुम्हाला आहेत मुलं?"

"नाही," रोंडा म्हणाली.

"मग तुम्हाला नाही कळायचं," बाई मायेनं म्हणाल्या आणि तिच्या हातावर थोपटलं.

त्यानंतर त्या रोज रोंडाला लिहायच्या. काय काय लिहायच्या! लहानपणी तिला गोवर आला होता तेव्हाचं, बापलेकीच्या भांडणाचं, तिला पहिल्यांदा बसमध्ये चढवून आल्यावर सौनात, वाफ घ्यायच्या खोलीत, बसून रडल्याचं. हे त्या तोंडानं कधी बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे कुणी बोलत नाही. रोंडा तळघरात बसून ते वाचायची, आणि वर आली की तिला म्हणायच्या, "अहो, पाय पुसून या."

जानेवारीत तिचा धीर सुटला. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आई, मीच रोंडा. हे सगळं मीच लिहिते. माझ्याकडे बघ."

बाईंनी बघितलं. नीट, चष्मा लावून. "माझी मुलगी तुमच्याएवढी म्हातारी नाही हो," त्या म्हणाल्या. मग घाबरल्या. खोलीत गेल्या, दाराला खुर्ची लावली, आणि संध्याकाळी रोंडा स्वयंपाकघरात आहे असं बघून वहीत लिहिलं: "मार्ज, घरात एक बाई आहे. ती म्हणते ती रोंडा आहे. मी काय करू?"

आता मार्जनं काय लिहावं? रोंडानं मला नंतर सांगितलं, ती तासभर ओळी लिहून खोडत होती. शेवटी लिहिलं, "व्हर्ना, घाबरू नकोस. ती बाई चांगली आहे. मीच तिला पाठवलंय तुझ्या मदतीला."

दाराची खुर्ची निघाली. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मार्जनं पाठवलंय हे आधी नाही का सांगायचं!" त्या दिवसापासून रोंडा घरात "मार्जची बाई" झाली. घर तिचं, आई तिची, मार्जही तीच, आणि ती मार्जची बाई.

मी तिला म्हणाले, "कर्टला फोन कर." कर्ट तिचा भाऊ, फिनिक्सला असतो. "पुलापलीकडे हाउटनला चांगलं घर आहे अशा माणसांसाठी. जागा होतेय म्हणतात."

"तिथं ही तार कशी नेऊ?" रोंडा म्हणाली. "तिथं मार्ज नसेल. डोलोरेस नसेल. रोंडा नसेल. मी तिला नुसत्या भिंतींत टाकू?"

"आणि तू? तुला कुठं टाकलंयस?"

ती माझ्यावर इतकी चिडली की आठवडाभर दार उघडलं तरी आत ये म्हणाली नाही.

फेब्रुवारीत ती पडली. सकाळची वेळ, मी बसची पहिली फेरी संपवून घरी आले होते. तळघराच्या जिन्यावर तिचा पाय घसरला आणि ती खालच्या फरशीवर जाऊन आदळली. घोट्यातून कड् असा आवाज आला. फोन वर स्वयंपाकघरात. तिनं हाका मारल्या. "आई!" मग "व्हर्ना!" मग "लाहतीबाई!"

ह्या शेवटच्या हाकेला बाई जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि वाकून बघितलं. "अगं बाई! पडलात का? थांबा हं, मार्जला कळवते." आणि गेल्या.

रोंडा फरशीवर पडून वरची टकटक ऐकत राहिली. डोक्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप उजळला: "मार्ज, तुझी बाई जिन्यावरून पडलीय. कुणाला तरी पाठव. तिचा पाय वाकडा दिसतोय."

रोंडा कोपरांवर सरपटत टेबलापाशी गेली, तार ओढून लॅपटॉप खाली घेतला आणि झोपूनच टाइप केलं: "व्हर्ना, नीट ऐक. आधी कोट घाल. मग बूट. मग टोपी. मग समोरच्या घरी जा आणि पॉलाला सांग, तळघरात ये. मी इथं वाट बघते. मार्ज."

मग ते पान वर उघडायची वाट बघायची. बाईंनी वही ताजी करायला बटण दाबायला हवं, आणि दाबलं तरी ते एकेक पट्टी करत उतरणार. वेग तिनंच कमी करून ठेवलेला. "मी स्वतःला इतक्या शिव्या कुठल्याच जन्मात दिल्या नसतील," ती मला म्हणाली. वर सगळं गप्प झालं होतं. आई खुर्चीत डुलकी घेतेय का, कोटाशिवायच बाहेर पडली, की विसरली, काही कळायला मार्ग नाही. फरशी बर्फासारखी गार. खिडकी अख्खी बर्फात गाडलेली, हाक बाहेर जाणं शक्य नाही.

माझ्या दारावर थाप पडली. उघडलं तर लाहतीबाई. कोट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं. बूट. टोपी. हातात हातमोजेसुद्धा. ते त्यांनी स्वतःच्या मनानं घातले असावेत.

"पॉला," त्या म्हणाल्या. त्या दिवसांत त्यांना माझं नाव आठवत नसे. "मार्ज म्हणते तळघरात ये. तिची बाई पडलीय."

पुढचं सगळं भराभर झालं. रुग्णवाहिका, प्लास्टर, घोट्यात खिळे. कर्ट विमानानं आला, दारात उभा राहून त्यानं तो जुना कॉम्प्युटर, तार आणि बहिणीकडे पाळीपाळीनं पाहिलं. मार्चमध्ये हाउटनच्या घरात जागा झाली. ह्या वेळी रोंडा नाही म्हणू शकली नाही, तिला जिना चढता येत नव्हता.

पण तिनं धास्ती घेतली होती. आईनं कॉम्प्युटर मागितला तर काय सांगायचं, ह्याची तिनं माझ्याकडून उजळणी करून घेतली. पाठवताना एका पिशवीत त्यांच्या पानांचे कागदावर छापलेले फोटो ठेवले, मार्जचा दीपस्तंभसुद्धा.

बाईंनी मागितला नाही. पहिल्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही, एकदाही नाही. मार्जचं नाव काढलं नाही. पिशवी उघडली नाही. त्यांना तिथं आर्विड नावाचे एक निवृत्त लाकूडतोडे भेटले. दोघं खिडकीशी बसून बाहेरच्या पक्ष्यांना शिव्या घालायचे.

एप्रिलमध्ये मी रोंडाला भेटायला घेऊन गेले, ती कुबड्यांवर होती. बाई आर्विडचा हात धरून बसल्या होत्या. आम्हाला बघून हसल्या. "या, बसा. तुमचा पाय बरा आहे का?" रोंडाला विचारलं. पाय त्यांच्या लक्षात होता. कुणाचा ते नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्हाला आता उशीर होत असेल," आणि खिडकीकडे वळल्या.

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. मी किल्ली लावली आणि विचारलं, "कुठं जायचं?"

मिलवॉकीत रोंडाचं घर उरलं नव्हतं, नोकरी सुटली होती. हॅनकॉकच्या घरात तळघरात लॅपटॉप अजून चालू होता, हे मला माहीत होतं. बंद कर म्हटलं तर "उद्या" म्हणायची.

"तिनं एकदाही विचारलं नाही," ती म्हणाली.

"बरं झालं की गं."

"हो. बरंच झालं." मग कुबड्या मागच्या सीटवर सरकवत, "पॉला, मला आता कुठंही जाता येईल, नाही?"

"येईल की."

तिनं मान हलवली, पण पट्टा लावायला हात उचलला नाही. मी इंजिन बंद केलं. मागून एक गाडी आली, तिला आमची जागा हवी होती. तो माणूस थांबला, वाट बघितली, हॉर्न वाजवला. मी काच खाली करून त्याला हातानं पुढे जायला सांगितलं.